ताण, प्रार्थना आणि उसने शब्द

बुधवारी माहीम स्टेशनला उतरलात, तर सेंट मायकल चर्च कुठे हे कुणाला विचारावे लागत नाही. गर्दीच वाट दाखवते. पहाटेपासून रात्रीपर्यंत तिथे नोव्हेना, म्हणजे नेम धरून करायची प्रार्थना, चालू असते. इंग्रजी, कोकणी, मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषा बदलत जातात, बाकांवरची माणसे बदलत जातात. प्रार्थना मात्र तीच. ८ सप्टेंबर १९४८ रोजी, मरियामातेच्या जन्मदिनी, ही नोव्हेना इथे सुरू झाली. सलग नऊ बुधवार यायचे, असा साधारण नेम. येणाऱ्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात, पारशी असतात. कुणी ऑफिसला जाता जाता पाऊण तास काढतो, कुणी कॉलेजचे दप्तर पाठीवर घेऊनच उभा असतो.

या नोव्हेनेत पत्रे लिहायची रीत आहे. मागणे असेल तर मागण्याचे पत्र आणि मागणे पुरे झाले तर आभाराचे. त्यांतली काही वाचूनही दाखवतात. परीक्षा, नोकरी, व्हिसा, न जमणारे लग्न, आईच्या तपासणीचा रिपोर्ट, दारूडा नवरा, भाड्याच्या घराची संपत आलेली मुदत. मुंबईकराच्या काळजीची यादी करायची तर याहून नेमकी सापडणार नाही. धर्मशास्त्राच्या कसोटीवर यातल्या कितीतरी मागण्या उथळ ठरतील. पण ताण असतोच असा. तो मोक्षाचा प्रश्न घेऊन येत नाही, हप्त्याची तारीख घेऊन येतो.

अशा रोजच्या ताणावर ख्रिस्ती श्रद्धा नेमके काय करते? ‘देव संकट दूर करतो’ हे श्रद्धावंताचे उत्तर झाले, ‘मनाचे समाधान’ हे संशयवाद्याचे. दोघांनाही एक गोष्ट सहसा दिसत नाही. ताणाखालच्या माणसाजवळ विचार भरपूर असतात, पण शब्द नसतात. तोच हिशेब, तीच भीती, तेच ‘असे झाले तर’. मन रवंथ करत राहते आणि त्या रवंथाला पूर्णविराम नसतो. शरीराला तर प्रत्यक्ष संकट आणि कल्पनेतले संकट यांतला फरक फारसा कळत नाही. अॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही रसायने दोन्ही वेळा स्रवतात, नाडी वाढते, झोप उडते. ख्रिस्ती परंपरेने दोन हजार वर्षांत अशा माणसासाठी तयार शब्दांचा मोठा साठा जमवला आहे. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर हे घे, असे ती सांगते. माझ्या मते तिची ताणावरची खरी करामत या उसन्या शब्दांत आहे.

माहीमचे पत्रच पाहा. काळजी पत्रात उतरवायची म्हणजे तिला वाक्य द्यावे लागते: कोणासाठी, काय, केव्हापासून. टेक्सासमधले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या प्रसंगाविषयी लिहायला लावले. पुढच्या काही महिन्यांत या विद्यार्थ्यांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतर असे प्रयोग पुष्कळ झाले. परिणाम दिसतो, पण तो बेताचाच असतो, असे त्यांतून निघते. नोव्हेनेचे पत्र लिहिणाऱ्या बाईने पेनेबेकरचे नाव ऐकलेले नसते. तिच्या पत्राला एक जास्तीची सोय असते, ती म्हणजे वर मायना घालायला कुणीतरी आहे.

आता वसईकडे, जिथे शब्द पुरतेच उसने आहेत. पोर्तुगीज इथे १५३४ ते १७३९ होते. त्यांची सत्ता गेली, पण संध्याकाळची जपमाळ घराघरांत राहिली. गोव्यात तिला ‘तेर्स’ म्हणतात. जपमाळ म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच संच, दोन संचांमध्ये एक सुटा मणी आणि सुरुवातीला लोंबणारी छोटी शेपटी. प्रत्येक लहान मण्याला मरियेला केलेले वंदन आणि प्रत्येक सुट्या मण्याला येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना. माळ पुरी होईपर्यंत मरियावंदन त्रेपन्न वेळा म्हणून होते. पंधरा-वीस मिनिटे लागतात. घरात आजी किंवा आई सुरुवात करते आणि बाकीचे उत्तर देतात. लहान मुले जांभया देतात, एखाद्याचा डोळा मोबाईलवर असतो, कुणाचा गुडघा दुखतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे यांत्रिक वाटते. प्रॉटेस्टंट मंडळींचा तर पोपटपंचीचा आक्षेप फार जुना आहे.

पण या यंत्रातच गंमत आहे. इटलीतले हृदयविज्ञानाचे अभ्यासक लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळच्या अंकात एक निबंध छापला. तेवीस निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधले मरियावंदन म्हणायला लावले, तसाच ‘ॐ मणि पद्मे’ हा तिबेटी मंत्रही, आणि श्वास, नाडी, रक्तदाब मोजला. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास उतरली. एरवी स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. सहा हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण रक्तदाबात आपोआप उठणाऱ्या लाटांची लय साधारण दहा सेकंदांची असते. श्वास तिच्याशी जुळला की रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर होते. हे साधते कसे? लॅटिन मरियावंदनाचे दोन भाग आहेत. पहिला भाग एकाने म्हणायचा आणि दुसरा बाकीच्यांनी. समोरचा म्हणत असतो तेवढ्यात तुम्ही श्वास भरून घेता आणि तुमच्या वाट्याचे शब्द एका दमात बाहेर सोडता. हळू श्वास घ्या, असे कुणी सांगत नाही. शब्दांची लांबीच ते काम करते. मराठीतले शब्द वेगळे, त्यांची लांबी वेगळी, तेव्हा आकडा जसाच्या तसा वसईच्या ओटीवर लावता येणार नाही. आळीपाळीने म्हणण्याची घडण मात्र तीच आहे.

मंत्र आणि मरियावंदन एकाच पट्टीने मोजले म्हणून कुणी दुखावून घेऊ नये. हरिपाठ करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही आणि ख्रिस्ती भाविकाचेही काही बिघडत नाही. देव माणसाला भेटतो तो देह सोडून नव्हे, ही तर ख्रिस्ती श्रद्धेची पायाभूत कल्पना. देहधारणेवर विश्वास ठेवणाऱ्याने फुप्फुसांना कमी लेखू नये.

प्रॉटेस्टंटांनी माळ सोडली, पण गाणे सोडले नाही. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी मराठी उपासनेत भजन आणि कीर्तन रुजवले. त्यांची पदे ‘उपासना संगीत’मधून आजही म्हटली जातात. अहमदनगरच्या बाजूला पेटी, तबला, झांजा घेऊन मंडळी गाते तेव्हा श्वास सोडण्याचा वेळ आपोआप लांबतो. एकाच गावात दोन देवळे आणि एकमेकांच्या पद्धतीबद्दल कुरकुर, हे चित्र नवे नाही. फुप्फुसांच्या पातळीवर त्यांचे भांडण मिटलेले आहे.

इथवरचे सगळे शांत करणारे. पण ताणात राग असतो, आणि रागावर शांततेचा उपाय केला की माणूस आणखी चिडतो. या बाबतीत बायबलजवळ जे आहे ते फार लोकांना ठाऊक नाही. दुर्दैवाने नेमाने चर्चला जाणाऱ्यांतल्याही अनेकांना नाही. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची, तक्रारीची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या आरंभीच कवी देवाला चार वेळा विचारतो की हे कुठवर चालायचे. चव्वेचाळिसाव्यात देवाला ‘झोपलास काय, ऊठ’ अशा अर्थाचे खडसावणे आहे. बहुतेक विलापस्तोत्रे तक्रारीने सुरू होतात, मध्ये मागणे मांडतात आणि शेवटी कशीबशी विश्वासाच्या काठाला लागतात. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राला तोही काठ नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. ज्यांनी हा संग्रह सिद्ध केला त्यांना ते स्तोत्र गाळता आले असते किंवा शेवटी दोन आशेच्या ओळी जोडता आल्या असत्या. त्यांनी तसे केले नाही. नैराश्यात बुडालेल्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे: त्याच्या अवस्थेलाही धर्मग्रंथात जागा आहे.

येशूनेही हेच उसने शब्द वापरले. मत्तय आणि मार्क सांगतात की क्रुसावर त्याच्या तोंडी बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ होती, देवाने आपल्याला टाकल्याची तक्रार करणारी. त्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तो इतका व्याकूळ झाला की घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, असे लूक लिहितो. जवळच्या मित्रांना त्याने जागे राहायला सांगितले होते. ते झोपी गेले. हा प्याला टळू दे, असे त्याने स्पष्ट मागितले. प्याला टळला नाही. ख्रिस्ती धर्माच्या केंद्रस्थानी असलेली ही प्रार्थना, शब्दशः पाहिले तर, नामंजूर झालेली प्रार्थना आहे. ‘श्रद्धा असेल तर टेन्शन कसले?’ असे बोलणाऱ्या पाळकांनी हा अध्याय एकदा मोठ्याने वाचावा.

अमेरिकन बायबल-अभ्यासक वॉल्टर ब्रूगेमन यांनी १९८६ साली एका निबंधात दाखवले की चर्चच्या उपासनेतून विलाप जवळपास हद्दपार झाला आहे आणि त्याची किंमत जबर आहे. तक्रार करायला बंदी असली की भक्ताजवळ दोनच गोष्टी उरतात: खोटी स्तुती किंवा स्वतःला दोष देणे. आपल्याकडच्या प्रार्थनासभांतही स्तुतिगीतांचा आवाज चढत गेला आणि विलापाचा बसत गेला, असे मला वाटते. घरी कर्ज, चर्चमध्ये टाळ्या आणि मधे कुठेच ‘किती सोसू’ म्हणायची जागा नाही. ज्यांच्या ग्रंथात तक्रारीचे एवढे भांडार आहे, त्यांनी ते कुलूपबंद ठेवावे हे विचित्रच.

‘चिंता करू नका’ हा येशूचा उपदेश सगळ्यांना माहीत आहे. पाखरे पेरत नाहीत, रानातली फुले सूत कातत नाहीत वगैरे. त्रासलेल्या माणसाच्या तोंडावर तो फेकला तर तो ओझ्यात भरच घालतो. पण मत्तयाच्या त्या सहाव्या अध्यायातच थोडे वर शिष्यांना शिकवलेली प्रार्थना आहे आणि तिच्यात भाकर मागितली आहे ती आजच्यापुरती. या मागण्यामागे निर्गम ग्रंथातली मान्नाची कथा उभी आहे. अरण्यात आकाशातून उतरणारे ते अन्न रोज एका दिवसाचे गोळा करायचे. ज्यांनी उद्यासाठी साठवले, त्यांच्या साठ्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती, म्हणजे विश्रांतीची तरतूद करायला हरकत नव्हती. उद्या नाहीच असे येशू म्हणत नाही. काळजीची मुदत तो एका दिवसावर आणतो. पगारदार माणसाला ते झेपेल, रोजंदारीवरच्या माणसाला तर दुसरा इलाजच नसतो. ज्यांना त्याने हे सांगितले त्यांच्यात दुसऱ्या प्रकारची माणसे जास्त होती.

दिवसाची हीच मुदत धरून लोयोलाच्या इग्नेशियसने एक शिस्त घालून दिली. हा बास्क सरदार १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून अंथरुणाला खिळला, तिथे संतांची चरित्रे वाचून बदलला आणि पुढे त्याने जेझुइट संघ स्थापन केला. १५४८ साली पोपच्या संमतीने छापल्या गेलेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात दिवसाच्या झाडतीची कृती आहे. आधी आभार मानायचे, मग नीट दिसावे म्हणून प्रकाश मागायचा, मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवायचा, चुकले तिथे क्षमा मागायची आणि उद्याचा एखादा निश्चय करायचा. जेझुइट हे दिवसातून दोनदा करतात, दुपारी आणि रात्री. ओव्यांतून ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स जेझुइटच. गोव्यातल्या रायतूरला १६१६ साली ते पुराण छापून झाले, त्या काळातले त्यांचे दिवसही याच झाडतीने मोजलेले असणार.

यातल्या क्रमाकडे लक्ष द्यावे. आभार पहिले, चुका चौथ्या. रात्री अंथरुणावर पडल्यावर आपण नेमके उलटे करतो: आधी चुका, मग उद्याची भीती, आणि आभारापर्यंत पोचण्याआधी दोन वाजतात. ही कृती करायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात आणि एका गोष्टीला ती मज्जाव करते: सगळ्या आयुष्याचा हिशेब एका रात्रीत मांडायला. प्रेषित पौलानेही बेड्यांत असताना फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात काळजीवर उपाय सांगितला तो मागण्याला आभाराची जोड देण्याचा. तो आरामखुर्चीतून लिहीत नव्हता, म्हणून त्याचे ऐकावेसे वाटते.

इथे श्रद्धेची दुसरी बाजू सांगायला हवी आणि त्यालाही इग्नेशियसच साक्षीदार आहे. परिवर्तनानंतर मानरेसा गावात राहत असताना त्याला पापशंकेने पछाडले. कबूल केलेली पापे पुन्हा आठवत, नीट कबूल केली की नाही याची शंका येई, पुन्हा पापनिवेदन, पुन्हा शंका. जीव द्यावा असेही त्याच्या मनात आले. देव सोडवत नाही तोवर अन्न घ्यायचे नाही, म्हणून त्याने आठवडाभर उपास केला. त्याच्या धर्मगुरूने त्याला मुकाट्याने जेवायला सांगितले. स्वतःच्या जीवनकथेत त्याने हे सगळे लपवाछपवी न करता सांगितले आहे. प्रार्थना हा ताणावरचा उतारा असतो, तसा ताणाचे कारणही असू शकतो.

आधुनिक मानसशास्त्रात केनेथ पार्गमेंट यांनी या दोन बाजू वेगळ्या केल्या. संकटात देवाशी वागण्याच्या तीन तऱ्हा त्यांच्या अभ्यासात येतात. एक जण सगळे स्वतःच निपटतो, दुसरा सगळे देवावर टाकून हात जोडून बसतो, तिसरा देवाला भागीदार मानून आपल्या वाटणीचे काम करतो. यातली तिसरी तऱ्हा बहुधा मनाला मानवते. २००१ साली पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी ५९६ आजारी, उतारवयातल्या रुग्णांचा दोन वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. देवाने आपल्याला टाकले, त्याचे आपल्यावर प्रेम नाही किंवा हा सैतानाचा घाला आहे, असे ज्यांना वाटत होते त्यांच्या मृत्यूचा धोका १९ ते २८ टक्क्यांनी जास्त आढळला. ‘तुझ्या पापामुळे हे झाले’ असे रुग्णाच्या खाटेशी बोलणारा शुभचिंतक काय करून जातो, हे यावरून समजावे.

दुसऱ्यांसाठी केलेल्या प्रार्थनेचीही परीक्षा झाली आहे. हर्बर्ट बेन्सन यांच्या पुढाकाराने अमेरिकेतल्या सहा इस्पितळांत बायपास शस्त्रक्रियेचे १,८०२ रुग्ण घेऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली आले. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली आणि ज्यांच्यासाठी नाही, त्यांच्यात गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखेच होते, ५२ आणि ५१ टक्के. या दोन्ही गटांना आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे माहीत नव्हते. तिसऱ्या गटाला ते खात्रीने सांगितले होते. त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. ‘एवढी का प्रार्थना, मी इतका आजारी आहे का?’ अशी धास्ती बसली असावी, असा तर्क नंतर केला गेला. अनोळखी माणसाने यादीतले नाव वाचून केलेली प्रार्थना हे यंत्र म्हणून चालत नाही, एवढे त्यातून दिसले.

ओळखीच्या माणसांत बसण्याचे मात्र वेगळे आहे. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१६ साली अमेरिकेतल्या ७४,५३४ परिचारिकांच्या सोळा वर्षांच्या नोंदी तपासल्या. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा उपासनेला जाणाऱ्यांचा मृत्युदर कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होता. निरोगी माणसेच जास्त जातात का, हा प्रश्न अशा अभ्यासात पूर्ण सुटत नाही, पण त्यांनी शक्य तेवढी काळजी घेतली होती. फायद्याचा साधारण चौथा हिस्सा लोकांच्या आधारामुळे, असे त्यांचे गणित निघाले. हे आकडे उपासनेला हजर राहण्याचे आहेत. घरी एकट्याने केलेल्या प्रार्थनेचे नाहीत. रविवारी बाकावर शेजारी बसणारी बाई दोन आठवडे दिसली नाही की कुणीतरी तिच्या घरी चक्कर टाकतो. तो हिस्सा अॅपवर मिळत नाही.

आणि जिथे झोप आठवडेच्या आठवडे उडते, अन्न जात नाही, जगणे नकोसे होते, तिथे हा रोजचा ताण राहिलेला नसतो. तो आजार असतो आणि त्याला डॉक्टर लागतो. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. प्रार्थना करणाऱ्याने गोळी घेतली म्हणून श्रद्धा उणी पडत नाही, हे पाळकांनी आणि फादरांनी व्यासपीठावरून सांगितले तर पुष्कळ घरांतली लाज जाईल.

जुन्या करारात एलीया संदेष्ट्याची कथा आहे, राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात. मोठा विजय मिळवल्यावर लगेचच राणी ईझेबेलच्या धमकीने तो पार खचला, रानात पळाला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून देवाजवळ त्याने मरण मागितले. देवदूत आला. त्याने उपदेश केला नाही, कमी विश्वासाबद्दल रागावला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवून ‘ऊठ, खा’ असे सांगितले. एलीयाने खाल्ले आणि तो पुन्हा झोपला. देवदूताने त्याला झोपू दिले, मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातले. संवाद त्यानंतर, पुष्कळ दिवसांची पायपीट झाल्यावर, होरेब डोंगरावर झाला. तिथे एलीयाने आपली तक्रार दोनदा मांडली, त्याच शब्दांत. देवाने ती दोन्ही वेळा ऐकून घेतली, त्याला पुढचे काम नेमून दिले आणि तुझ्या जागी संदेष्टा म्हणून अलीशाचा अभिषेक कर, असे सांगितले.